बाबांना गॉगल लावून घेतलेली परीक्षा

नौपाड्यातून तलावपाळीला बाबा डोळे मिटून जायचे. गेल्या पावसाळ्यात गडकरी रंगायतनसमोरून त्यांचा फोन आला, "अगं, घराकडे कुठून वळू?" नातेवाईक म्हणाले, वय झालं. मला ते पटेना.

न्यूरॉलॉजिस्टनी आधी थायरॉइड, बी-१२ आणि एमआरआय करायला सांगितलं. बी-१२ कमी झाल्यानंही विसरायला होतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं. आमचे रिपोर्ट ठीक निघाले. मग कागदावरची चाचणी. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हटल्यावर बाबांनी ९३, ८६, ७९ असं धडाधड सांगितलं. जन्म बँकेत कॅशियर म्हणून गेलाय. तारीख चुकली (ती माझीही चुकली असती), दोन शब्द आठवले नाहीत. ३० पैकी २७. म्हणजे काही झालेलंच नाही?

डॉक्टरांनी मग एका संशोधन गटाकडे व्हीआर चाचणीसाठी पाठवलं, म्हणजे डोळ्यांवर गॉगलसारखा हेडसेट लावून आभासी जगात चालायची चाचणी. संमतीपत्र मराठीत होतं. हा उपचार नाही, मध्येच थांबता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. चष्म्यावरून हेडसेट बसवताना बराच वेळ गेला. आत दिसतं ते मोकळं मैदान. एकेक करून तीन खांब उगवतात. खांबापाशी पोचलं की तो नाहीसा होतो. तिसऱ्यानंतर पहिला जिथे होता तिथे परत जायचं, खरंखुरं चालत. सायकल शिकणाऱ्या पोराच्या मागे धावावं तशी तिथली मुलगी बाबांच्या मागे हात पुढे करून चालत होती.

तिसऱ्या खांबाशी बाबा थबकले. "पोरी, खांब तूच काढलास, आता मी शोधू कुठे?"

"काका, अंदाजाने चला."

ते निघाले, अगदी ठामपणे, आणि पार भलतीकडे. मी स्क्रीनवर बघत होते. पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. मेंदूतल्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये दिशा-अंतराचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी मोझर दांपत्याला २०१४चं नोबेल मिळालं, जॉन ओकीफ यांच्यासोबत. अल्झायमर्समध्ये अगदी सुरुवातीला झळ पोचते ती याच भागाला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९मध्ये खांबांच्या अशाच चाचणीचे निष्कर्ष छापले. सौम्य विस्मरण असलेल्यांपैकी ज्यांच्या पाठीच्या पाण्यात अल्झायमर्सच्या खुणा होत्या, ते जास्त चुकले होते.

पण यावरून निदान होत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं, आणि मला ते बरं वाटलं. गुडघे दुखणाऱ्या, आयुष्यात व्हिडिओ गेम न खेळलेल्या माणसाच्या एका आकड्यावर कुणी शिक्का मारू नये. बाकीच्या तपासण्यांच्या जोडीने तो वाचायचा, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. तोवर बाबांच्या फोनवर लोकेशन चालू ठेवलंय.

कुणी जाणार असाल तर लांबचा चष्मा न्या, चक्कर यायला लागली तर लगेच सांगा, आणि नातेवाइकांना खोलीबाहेर बसवा. माझ्या भावाने "बाबा, डावीकडे, डावीकडे!" केलं आणि ती फेरी बाद झाली.