तुम्ही विचारलंत म्हणून: चाल त्यांची, ठेका किंग्स्टनचा

घरी कुणी आलं आणि मी स्काची, म्हणजे जमैकातल्या नाचाच्या संगीताची, रेकॉर्ड लावली, की थोड्या वेळात प्रश्न येतोच: "अहो, ही तर सिनेमाची धून! दुसऱ्याची चाल उचलून वाजवली, मग यात या लोकांचं स्वतःचं काय?" प्रश्न रास्त आहे. चहा देता देता त्याचं उत्तर नीट होत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा १९६१चा युद्धपट. संगीत दिमित्री टिऑमकिन यांचं, आणि मुख्य धून सैन्याच्या कूचाची. पुढे तीन-चार वर्षांत जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, 'स्टुडिओ वन' या मुद्रण स्टुडिओत 'स्कॅटलाइट्स' या स्का वाजवणाऱ्या संचाने ती वाजवली. सूर जवळपास तेच ठेवले. बदललं ते वजन.

टेबलावर बोटाने मोजून बघा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. कूच करणारा सैनिक आकड्यावर पाय आपटतो. स्कामध्ये गिटार आणि पियानो वाजतात ते प्रत्येक 'आणि'वर, तुटक आणि झटक्यात. खाली बासची पावलं अखंड चालू. मी लहानपणी सात वर्षं तबला शिकले, समेवर येण्याची सवय हाडात मुरलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी टाळी सारखी चुकत होती आणि खांदे मात्र आपोआप हलत होते. आपल्याकडे 'चाल' हा शब्द गाण्यालाही आहे आणि चालण्यालाही. किंग्स्टनच्या वादकांनी गाण्याची चाल ठेवली आणि पायांची बदलली. युद्धावर निघालेली पलटण नाचायला लागली. त्यांचं स्वतःचं काय, तर हे.

ही माणसं साधी नव्हती. स्कॅटलाइट्स हा संच १९६४ला जमला आणि पुढच्याच वर्षी फुटला, पण त्यातले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघं किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमधले. गरीब, अनाथ मुलांसाठी नन्स चालवत असलेली शाळा. तिथल्या बँडमध्ये मुलं नोटेशन वाचायला शिकली आणि पुढे जॅझमध्ये मुरली. ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकताना मला दरवेळी वाटतं, हा माणूस दुःखसुद्धा नाचाच्या लयीत सांगतो आहे.

आता जेम्स बाँडच्या धूनची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. 'डॉक्टर नो' या पहिल्या बाँडपटाचं चित्रीकरण जमैकातच झालं, १९६२च्या सुरुवातीला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. म्हणजे बाँड पडद्यावर जन्मला तो त्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर. पुढे स्कॅटलाइट्समधल्याच रोलंड अल्फान्सोने सॅक्सोफोनवर बाँडची धून स्कामध्ये वाजवली, तर त्याला उसनवारी कसं म्हणायचं? शिवाय त्या धूनचं मूळ आणखी लांब जातं. संगीतकार माँटी नॉर्मन यांनी ती आधी नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर बेतलेल्या एका संगीत नाटकासाठी रचली होती. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसाचं गाणं होतं ते, वळणही सतारीसारखं. नाटक रंगमंचावर आलंच नाही आणि चाल बाँडला मिळाली. उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या आपल्या माणसांच्या वारसांची ही चाल, लंडनच्या स्टुडिओतून फिरून पुन्हा कॅरिबियन बेटावर आली. हे कळल्यापासून मी ती रेकॉर्ड उभी राहून ऐकते.

'नॅव्हरोन'ही तिथे थांबली नाही. १९६७ला ती ब्रिटनच्या लोकप्रिय रेकॉर्डांच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत गेली. मग १९८०मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या 'द स्पेशल्स' या संचाची प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित केलेली छोटी रेकॉर्ड आली, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली. काळी-गोरी पोरं एकत्र वाजवताहेत, आणि पहिल्याच बाजूला दुसरी धून 'नॅव्हरोन'. त्या संचासोबत ट्रॉम्बोनवर रिको रॉड्रिग्ज. तोही अल्फाचाच विद्यार्थी, शाळेत ड्रमंडकडून शिकलेला, १९६१पासून इंग्लंडमध्ये. पुढच्या वेळी याल तेव्हा आधी टिऑमकिन लावते, मग स्कॅटलाइट्स, मग ही. टाळी तुम्ही धरा.