आमची वाटचाल: संत्र्याच्या ट्रॉलीपासून दोघांच्या ट्रेलरपर्यंत

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, सुरू केलं तेव्हा तिथे फक्त ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. काटोल, नरखेड, सावनेरकडचे संत्रा बागायतदार आणि मौदा-रामटेककडचे धानवाले ही आमची गिऱ्हाइकं. चॅनेलची चासी, कमानपाटे, अ‍ॅक्सल, हुक आणि वर पत्रा एवढंच काम. पण भरलेली ट्रॉली कळमन्याच्या बाजारात सरळ रेषेत पोहोचली पाहिजे, यासाठी अ‍ॅक्सल नेमका कुठे बसवायचा याचा मामाजींना मोठा अभ्यास होता. त्यांनी तो कधी कागदावर मांडला नाही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून या घरात आले आणि माझं खरं शिक्षण त्यांच्या हाताखाली झालं.

कोरोनानंतरच्या हिवाळ्यात धरमपेठेतलं एक निवृत्त जोडपं आमच्याकडे आलं. त्यांच्याकडे बोलेरो होती आणि फिरण्याची मनापासून आवड होती. काकूंचे गुडघे दुखत, रात्री दोन-तीनदा उठावं लागे, आणि प्रत्येक मुक्कामी संडास कसा असेल या काळजीने त्यांचं बाहेर जाणंच बंद झालं होतं. काकांनी विचारलं, "तुम्ही ट्रॉली बनवता, तर आम्हा दोघांना झोपता येईल अशी छोटी खोली चाकांवर बनवून द्याल का?" मामाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कर."

तेव्हापासून आम्ही ट्रॉल्यांच्या जोडीला दोन माणसांसाठीचे छोटे प्रवासी ट्रेलर बनवतो. चार-सहा जणांचे मोठे कॅराव्हॅन आम्ही करत नाही. विचारणा रोज येते, तरी करत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे असलेली गाडी दोघांचाच ट्रेलर सुरक्षितपणे ओढू शकते.

लोक विचारतात, "कोणता ट्रेलर घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "गाडी कोणती?" आणि आरसी बुकासोबत गाडीचं मॅन्युअल मागतो. मॅन्युअलमध्ये ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते पान आम्ही गिऱ्हाइकासमोर उघडतो. बऱ्याच कारच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर आम्ही हुक बसवत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. गाडीच्या नावावरूनही अंदाज बांधता येत नाही. इनोव्हा क्रिस्टाला खाली वेगळी चासी आहे, हायक्रॉसला तशी चासी नाही, बॉडी आणि चासी एकच. नाव एक, पण मागे हुक कुठे पकडायचा हा प्रश्न दोन्हींत अगदी वेगळा. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना शिडीच्या रचनेची चासी असल्यामुळे हुकाचा ब्रॅकेट थेट चासीला बोल्टने बसतो. मागच्या बंपरच्या पत्र्याला वेल्डिंग करून लावलेला हुक मी पाहिला की माझा जीव घाबरा होतो. असा हुक घेऊन कुणीही रस्त्यावर जाऊ नये.

गाडी ठरली की वजन. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात की भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्याच देशात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ती मर्यादा आहे. आपले रस्ते, आपले घाट आणि आपल्याकडे ऐन वेळी समोर येणारी जनावरं बघता आम्ही त्या ८५ टक्क्यांच्या बरेच खाली राहतो. भरलेला ट्रेलर गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत ठेवतो आणि तरीही प्रत्येक ट्रेलरला ब्रेक लावतो. हा ब्रेक बिनविजेचा असतो. गाडी थांबायला लागली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दांडा आत सरकतो आणि केबल ओढली जाऊन चाकांचे ब्रेक लागतात. सोबत एक वेगळी तार असते. जोडणी निसटलीच तर ती ताणली जाऊन ट्रेलरचा ब्रेक आपोआप लावते. जोडणीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे दांडा सुटला तरी तो रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत अडकतो.

वजन कमी ठेवणं ही कारखान्यातली रोजची लढाई आहे. १८ मिलिमीटरच्या प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर भरते. घरातल्या सुतारकामाची सवय असलेला कारागीर अशा चार-पाच शीट सहज वापरून टाकतो. आम्ही आत पातळ प्लाय आणि अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन वापरतो, भिंतीत फोमचा थर भरतो. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोत येते आणि तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते. महाग आहे, पण इथे पैसे खर्च करा असं मी प्रत्येकाला सांगते. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, यात कुणाचीच सुटका नाही. साठ लिटरची टाकी दोघांना एका दिवसाला पुरते, आणि आपल्याकडे पाणी वाटेत भरता येतं.

तयार झालेला प्रत्येक ट्रेलर आम्ही धरमकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलायच्या काट्यावर, नेतो, आधी रिकामा. मग गिऱ्हाइकालाच त्यांचं सामान भरायला सांगतो, अगदी तांदळाचा डबा, चादरी, खुर्च्या, पाण्याची टाकी भरून, आणि पुन्हा काट्यावर चढवतो. दोन्ही पावत्या फाइलला लागतात. दीडशे किलो सामान कसं जमतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पावती हातात आली की बसतो. मग काकू स्वतःच लोखंडी तवा बाजूला काढतात.

एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं आहे ते कुठे ठेवलंय हे. आमचे जुने मिस्त्री नव्या पोरांना एकच गोष्ट सांगतात, "मांगं वजन टाकसान तं ट्रॉली शेपूट हालवते." तेच शास्त्र आहे. ट्रेलरचा भार अ‍ॅक्सलच्या मागे गेला की गाडीच्या हुकावर पुढचा दाब उरत नाही, आणि वेग वाढला की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. झोका वाढत गेला तर गाडीचीही मागची चाकं रस्ता सोडतात. युरोपात हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के दाब ठेवायला सांगतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. आम्ही दहाच्या आसपास ठेवतो. म्हणजे सहाशे किलोच्या ट्रेलरला साठ किलो, आणि तेवढा भार त्या हुकाला आणि गाडीला झेपतो का हे आधी बघतो. हा दाब घरीही मोजता येतो. सपाट जागी जोडणीच्या खाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली माणसं वजन करतात तो काटा ठेवा, आकडा दिसेल. पाण्याची टाकी आम्ही अ‍ॅक्सलच्या वर आणि खालच्या पातळीवर बसवतो, म्हणजे ती भरो वा रिकामी होवो, तोल फारसा बदलत नाही. सायकली मागच्या बाजूला टांगायची मागणी येते. मी ती मान्य करत नाही.

झुलायला लागलाच तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंगने सावरायला गेलं की झोका वाढतो. हे आम्ही तोंडी घोकून घेतो. चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर जबलपूरच्या दिशेने जाताना मोठा कंटेनर शेजारून गेला की हवेचा धक्का बसतो, तेव्हा याची गरज पडते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून वेगाबद्दल सगळेच विचारतात. तिथली १२० ची मर्यादा कारची आहे. ट्रेलर मागे असताना आम्ही ८० च्या वर जाऊ नका म्हणतो. मे महिन्यात निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा असंही बजावतो. ट्रेलरचं टायर फुटलं तर ते चालवणाऱ्याला गाडीच्या टायरइतकं लगेच कळत नाही, म्हणून आम्ही हवेच्या दाबाचे सेन्सर बसवून देतो.

आतली रचना हा माझा आवडता भाग. पहिल्यांदा आम्ही अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकांनी घरोघरी बनवलेला, मागे निमुळता होणारा टीअरड्रॉप प्रकार अभ्यासला. आत फक्त गादी, आणि मागचं झाकण उचललं की ओटा. वजनाला हलका, वाऱ्याला कमी अडतो, तरुण जोडप्यांना तो आजही आम्ही देतो. सावजी रस्सा बाहेर शिजवला की गादीला वास लागत नाही, हा नागपूरकरांसाठी मोठाच फायदा. पण धरमपेठेच्या काकूंना वाकून आत शिरणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही वर उचलणाऱ्या छताचा ट्रेलर केला: रस्त्यावर छत खाली, मुक्कामी वर, आत ताठ उभं राहता येतं. पलंग लांबीच्या दिशेने ठेवला. आडवा ठेवला तर जागा वाचते, पण भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसासाठी ही बारीक गोष्ट नाही. पायऱ्या कमी उंचीच्या, दाराशी धरायला दांडा, आणि पलंगापासून दोन पावलांवर कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी बाहेर काढता येणारा छोटा संडास. ती टाकी नेऊन पक्क्या संडासातच रिकामी करायची, शेतात, नाल्यात, जंगलात कधीही नाही. यावर आम्ही लेखी सही घेतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याची पेटी म्हणजे काय हे सांगायला नको. एसीची मागणी सगळ्यांचीच असते. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास खेचतो आणि १०० एएचची लिथियम बॅटरी जेमतेम सव्वा तास टिकते, हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते. जिथे वीज मिळते तिथे एसी लावा. बाकी आपल्या कोरड्या गरमीला कूलरच खरा. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्याचा छोटा कूलर, पाण्याचा पंप धरून, शंभर वॅटच्या आत चालतो आणि त्याच बॅटरीवर रात्र निघते. दिवसा छतावरचं सोलार पॅनल ती पुन्हा भरतं. पावसाळ्यात कूलर कामाचा नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्या आणि छतातला पंखा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मात्र फिरायलाच जाऊ नका, असं मी धंद्याचा विचार न करता सांगते.

कागदपत्रांचं थोडक्यात: ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते, आणि चालताना आत माणूस बसवायचा नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात ट्रेलर प्रकारही धरले आहेत. त्यामुळे बँकेशी बोलणं आधीपेक्षा सोपं झालं. सुरुवातीला कर्जाच्या अर्जात आमचा माल कोणत्या रकान्यात टाकायचा यावरच बराच वेळ गेला होता. मामाजींनी तेवढे दिवस ट्रॉल्यांच्या कमाईवर हे काम चालू ठेवलं, हे इथे नोंदवायलाच हवं.

चालवायला शिकवणं आम्ही विक्रीचाच भाग मानतो. आमच्या अंगणात आणि मग रिकाम्या रस्त्यावर. वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण मोठं घ्यायचं. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेने फिरवावं लागतं. यात आमच्याकडची शेतकऱ्यांची पोरं उस्ताद, त्यांनी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून वडिलांसोबत शेतात ट्रॉली मागे घेतलेली असते. असाच एक मुलगा आता आमचा शिक्षक आहे आणि शहरातल्या साहेबांना तो फार धीराने शिकवतो. आम्ही दोघांनाही शिकवतो, नवऱ्याला आणि बायकोलाही. एकाची तब्येत बिघडली तर दुसऱ्याला घरी आणता आलं पाहिजे. घाटाचा सराव वेगळा. पचमढीला जायचं तर छिंदवाड्याच्या अलीकडचा सिल्लेवानी घाट लागतो, चिखलदऱ्याचा तर माहीतच आहे. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय रोवून ठेवला तर ते तापतात आणि धरेनासे होतात.

धरमपेठेचे काका-काकू अजून फिरतात. पहिला मुक्काम त्यांनी खिंडसीला केला, मग सिल्लारीच्या बाजूला एका रिसॉर्टच्या आवारात परवानगी घेऊन. गेल्या हिवाळ्यात काकूंनी फोन करून सांगितलं की नवेगावबांधच्या तळ्यावर त्या पहाटे स्वतः उठून चहा करून बाहेर बसल्या होत्या. मामाजींना तो फोन मी स्पीकरवर ऐकवला.

सध्या आम्ही आणखी हलक्या चासीवर काम करतोय, जेणेकरून लहान एसयूव्हीवाल्यांनाही आम्हाला नाही म्हणावं लागू नये. तिच्या चाचण्या भरलेल्या वजनाने, सावनेरच्या खराब पट्ट्यावर चालू आहेत. त्या पूर्ण झाल्याशिवाय ऑर्डर घेणार नाही. ज्यांना ट्रेलर बघायचा आहे त्यांनी शनिवारी दुपारनंतर या, दोघंही या. गाडी घेऊन या, मॅन्युअल आणि आरसी बुक सोबत असू द्या, आणि प्रवासात काय काय न्यायचं त्याची यादी घरीच करून आणा. विकत घेण्याआधी एक रात्र भाड्याने नेऊन बघण्याची सोय आहे, आणि आम्ही आग्रहाने तेच करायला सांगतो.