न चेपणारी गाडी

सकाळपासून मी 1960च्या दशकातल्या एका गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीत, डोकं घालून बसलो होतो. थंड असताना गाडी छान चालायची, पण वीसेक मिनिटांत इंजिन तापलं की आचके देत बंद पडायची. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. पेट्रोलच वर येत नाही, असं गाडीवाल्या काकांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यापायी कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला होता. मी इंजिन तापू दिलं आणि बंद पडल्यापडल्या ठिणगी पाहिली. पिवळट, मरतुकडी. डबीची कॅप काढली तर पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन तुकडे, जळून निळेकाळे पडलेले. कंडेन्सर गेला होता. पॉइंट उघडतात तेव्हा विजेचा जो झटका त्याने पोटात घ्यायचा, तो तापल्यावर त्याला झेपत नव्हता आणि पॉइंटवरच जळत होता.

नवा कंडेन्सर घातला, नवे पॉइंट बसवले, फीलर गेजने 0.4 मिलिमीटरची फट ठेवली, बल्ब लावून ठिणगीचं टायमिंग जुळवलं. मग अर्धा तास इंजिन चालू ठेवून नुसता ऐकत उभा राहिलो. एकही ठोका चुकला नाही.

जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे तो यासाठी. त्यांचं दुखणं डोळ्यांना दिसतं, कानाला कळतं, बोटांनी बरं होतं. नव्या गाडीला आधी स्कॅनर लावायचा. तिथे ठिणगीची वेळ कॉम्प्युटर क्षणाक्षणाला स्वतः ठरवतो, कानाने जुळवण्यासारखं काही उरतच नाही. आणि रूपाचं म्हणाल, तर 1955 साली आलेली सिट्रोएन डीएस इंजिन सुरू झाल्यावर हळूहळू जमिनीपासून अंग उचलते. ते एकदा पाहिलं की विसरत नाही.

दुपारी टो करून एक गाडी आणली. चार वर्षांची, समोरून धडकलेली. बॉनेट दुमडून वर आलेलं, पुढचे दोन्ही दांडे हार्मोनियमच्या भात्यासारखे घड्या पडून आखडलेले. काका उठून तिच्याभोवती फिरले. त्यांनी आपल्या गाडीच्या मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ, हा पत्रा! ही असती तर पोचासुद्धा आला नसता. आताच्या गाड्या म्हणजे कागद."

मी त्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला. तो एका हाताने उघडला, बिजागऱ्या जागच्या जागी होत्या. आत स्टिअरिंग मागे आलेलं नव्हतं, पेडल वर आले नव्हते. एअरबॅग लोंबत होती, पट्टा ताणून अडकलेला. चालवणारी बाई स्वतःच्या पायांनी उतरली, असं टोवाल्याने सांगितलं.

"काका, ही चेपली म्हणून त्या वाचल्या," मी म्हणालो.

पुढचा भाग मुद्दाम चेपू द्यायचा आणि माणसं बसतात तो पिंजरा मजबूत ठेवायचा, ही बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना. ती 1959च्या मर्सिडीज-बेंझमध्ये उतरली. त्याच वर्षी व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा गाडीत दिला. काकांची गाडी त्यानंतरची, पण तिच्यात यातलं काहीच नव्हतं. मी त्यांना मोबाइलवर अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीची 2009ची चाचणी दाखवली. 1959ची शेव्हरले बेल एअर आणि 2009ची मालिबू, एकमेकींवर आदळवलेल्या, ताशी सुमारे 64 किलोमीटरने. जुनीचा पिंजराच कोसळतो, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर येतं. नवीतला पुतळा जवळजवळ जसाच्या तसा. काकांनी ते तीनदा पाहिलं.

"रविवारी नातीला घेऊन हायवेने जायचं म्हणत होतो," ते म्हणाले.

मी काही न बोलता त्यांच्या गाडीच्या मधल्या खांबावरचं अस्तर सोडवलं. आत, गंजाच्या थराखाली, आटे पाडलेलं भोक सापडलं. पट्ट्यासाठीच ठेवलेलं, कधीच न वापरलेलं. दुसऱ्या बाजूलाही होतं. बोल्ट फिरवून पाहिला, बसला. पुढच्या दोघांची सोय होणार होती. तेवढ्याने गाडीचा पुढचा भाग घड्या घालायला शिकणार नव्हता, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. गावातल्या गावात, सावकाश, पट्टा लावून. हायवेला नाही.

"आणि मागे? ती मागे बसते."

मागची सीट काढून पाहिली. तिथे पट्टा धरून ठेवील असं काहीच नव्हतं. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर धक्क्यासरशी उपटून येईल. आतून जाड प्लेट वेल्ड करायला हवी आणि त्याआधी तळाचा गंज तपासायला हवा. आठवडा तरी लागेल, म्हटलं.

इंजिन अजून गरम होतं. काकांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या बाकावर ठेवली आणि रविवारचं रद्द म्हणून सांगायला घरी फोन लावला.