मागून हॉर्न नाही

"ग्रॅव्हल बाईक म्हणजे नेमकं काय हो वहिनी?" भाऊजींनी फोनवर विचारलं. म्हटलं, मुरमाच्या रस्त्यावर चालवायची सायकल. "म्हणजे आपलीच की!" ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. फलटणला मी शाळेत जायचे ती नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून. कॅनॉलवाल्यांची जीप सोडली तर त्या वाटेला वाहन फिरकायचं नाही. तेव्हाच्या त्या काळ्या, जड सायकलला कुणी ग्रॅव्हल म्हणत नव्हतं, एवढंच. आता त्याच प्रकाराला वाकडं हँडल, 40 मिलिमीटरचे टायर आणि भलतीच किंमत आली आहे.

आम्ही झुरिकजवळ राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा सायकली रेल्वेत घालून वरच्या एंगाडीनला जातो. ही स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन कँटनमधली, म्हणजे तिथल्या राज्यातली दरी. दरी म्हटलं की खाली खोल काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण इथला तळच 1,700-1,800 मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा 1,646. म्हणजे कळसूबाईच्याही वर, सपाट रस्त्यावर सायकल चालवायची, आणि तरी पहिल्या दिवशी धाप लागते ती लागतेच. दरीच्या मधून इन नदी वाहते. ऑस्ट्रियातून पुढे जाऊन ती जर्मनीत पासाउला डॅन्यूबला मिळते. तिच्या सोबतीने मोटाररस्ता, रेटियन रेल्वेची लाल गाडी आणि आमची मुरमाची वाट.

या वाटा सायकलवाल्यांच्या कौतुकासाठी कुणी बांधलेल्या नाहीत. कुठे जंगलखात्याचा लाकूड वाहायचा रस्ता, कुठे कुरणावर जायची शेतकऱ्याची वाट, कुठे नदीच्या बांधावरची. त्यामुळे 'वाहनमुक्त' याचा अर्थ वाहन दिसणारच नाही असा नाही. गवत भरलेला ट्रॅक्टर येतो, आपण कडेला होतो, तो हात करतो. पाटी मात्र नीट बघायची. लाल कड्याच्या गोल पाटीत मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर सायकलला मोकळीक. पाटी नुसती पांढरी, चित्र काहीच नाही, तर सायकलही बंद. नवखे लोक नेमकं उलटं समजतात आणि पांढरी पाटी बघून खुशाल आत घुसतात.

मोटारीला नाही म्हणायची या मुलखाला जुनी सवय आहे. 1900 ते 1925 या काळात अख्ख्या ग्राउब्युंडेनमध्ये मोटारींना बंदी होती. रस्ते अरुंद, त्यावरून टपालाच्या घोडागाड्या चालायच्या, धूळ आणि घोडे बुजणं लोकांना नको होतं. प्रश्न पुन्हा पुन्हा मतदानाला आला आणि लोक पुन्हा पुन्हा नाहीच म्हणत राहिले. 1925 मध्ये एकदाचे हो म्हणाले. आज याच दरीतल्या सेंट मॉरिट्झमधल्या चकचकीत गाड्यांची रांग पाहिली की हे खरं वाटत नाही. पण जवळच्या पोंत्रेसीना गावाहून रोझेगच्या दरीत शिरलात की तो जुना काळ अजून चालू आहे. खासगी मोटारी बंद, आणि पर्यटकांना आत नेतात ते घोडेच.

रोझेगची वाट सात-एक किलोमीटरची, चढ साधारण दोनशे मीटरचा. आकडे वाचून सोपी वाटते. खालचा भाग लार्च आणि आरोला पाइनच्या सावलीतून जातो, बाजूला हिमनदीचं दुधाळ पाणी धडधडत असतं. खडी मधेच बारीक आणि घट्ट, मधेच मुठीएवढे सुटे दगड. आणि दर थोड्या अंतरावर आडव्या पन्हळी. पावसाचं पाणी रस्ता खरवडून नेऊ नये म्हणून रस्त्यात तिरक्या बसवलेल्या, तळहाताएवढ्या रुंद. चढताना त्या जाणवतही नाहीत. उतरताना मात्र हँडल सरळ करून काटकोनात ओलांडायच्या, ढुंगण सीटवरून उचलायचं, ब्रेक आधी लावून घ्यायचे, पन्हळीवर नाही. लीद टाळायची ती वेगळीच. समोरून घोडागाडी आली की मी थांबते. घोड्याला आपली सायकल आवडेल असं गृहीत का धरा?

टायरमध्ये हवा किती, यावर सगळा आनंद अवलंबून आहे, हे माझं ठाम मत. नवरा डांबरी रस्त्यासारखी टम्म भरतो आणि दिवसभर मनगटं चोळतो. मी 35 पीएसआयच्या आसपास ठेवते, अंगठ्याने दाबलं की टायर जरा दबला पाहिजे. दुकानदार सस्पेन्शनवाला, म्हणजे धक्के शोषणारा पुढचा फोर्क गळ्यात मारायला बघतात. या दरीत त्याची काही गरज नाही.

वर, वाटेच्या टोकाला असलेल्या हॉटेलपाशी पोचलं की समोर हिमनद्या आणि बर्निना रांगेची शिखरं. तिथे बसून अक्रोडाचा टार्ट खायचा. आत कॅरमेलमध्ये घोळलेले अक्रोड, बाहेर खुसखुशीत पारी. एक तुकडा दोघांत पुरतो. येताना सायकल लावून ओढ्याच्या कडेच्या पायवाटेवर थोडं चालून या. इथले चिमुकले टिट पक्षी हातावर बसून दाणे टिपतात. बोटावर त्यांच्या नखांचा नुसता खरखरीत स्पर्श होतो, वजन असं नाहीच.

दुपारचं गणित वाऱ्यावर बांधायचं. डोंगरातल्या दऱ्यांत दिवसा वारा सहसा खालून वर वाहतो. एंगाडीनमध्ये उलटं. दरीच्या वरच्या टोकाच्या माल्योया खिंडीकडून निघून तो दरीतून खाली वाहतो. सिल्व्हाप्लानाच्या तलावावर शिडाच्या होड्या-फळ्या चालवणाऱ्यांची गर्दी असते ती त्याच्यासाठी. सकाळी वर गेलात आणि दुपारी खाली आलात, तर तो पाठीत बसतो. पोंत्रेसीनाहून फ्लाझ नदीच्या काठाने सामेदानकडे येताना पॅडल नावापुरतं मारायचं. ही नदीसुद्धा मुद्दाम हलवलेली आहे. सामेदानला पुराचा धोका होता म्हणून 2002 ते 2006 दरम्यान तिला गावापासून लांब, विमानतळाच्या पलीकडून नवं पात्र खणून दिलं. आता त्या काठावर झुडपं वाढलीत. सांगितलं नाही तर कळणार नाही.

इलेक्ट्रिक सायकलींबद्दल माझी कुरकुर आहे, पण ती अर्ध्या मनाची. सत्तरीच्या आजीबाई "अलेग्रा!" (इथला नमस्कार) म्हणत चढावर सहज मागे टाकून जातात तेव्हा चिडावं की हसावं कळत नाही. मागून मोटारीचा आवाज नाही, म्हणून कान सैल सोडलेले असतात आणि मग ती घंटी एकदम कानापाशी वाजते.

पाय शिल्लक असतील तर शेवटी बेव्हरची दरी. गावापासून स्पिनासपर्यंत चार-एक किलोमीटर, कुरणातून. विजेच्या तारेचं फाटक आलं की प्लॅस्टिकच्या मुठीला धरून उघडायचं आणि मागे न विसरता लावायचं, नाहीतर गाई तुमच्या आधी गावात. स्पिनासला रेल्वेच्या आल्बुला बोगद्याचं तोंड आहे. जुना बोगदा 1903 चा, त्याच्या शेजारचा नवा 2024 मध्ये सुरू झाला. नवऱ्याला तिथून गाडी पकडायची होती. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं हे मी आठवून दिलं. मग उतारावरून चार किलोमीटर म्हणजे काय मोठंसं, असं त्याचंच मत पडलं.