तुम्ही विचारलंत म्हणून: स्मोक डिटेक्टरमधलं अमेरिसियम

‘स्मोक डिटेक्टरमध्ये, म्हणजे धूर ओळखून भोंगा वाजवणाऱ्या उपकरणात, किरणोत्सर्गी पदार्थ असतो म्हणे. काढून टाकू का?’ हा प्रश्न हमखास येतो अमेरिकेतल्या मराठी घरांतून. फोडणी पडली की डिटेक्टर ठणाणा करतो, कुणीतरी वैतागून तो उतरवतं आणि मागचं लेबल वाचून दचकतं.

राहू द्या. आणि उघडू तर मुळीच नका.

आधी लेबल नीट पाहा. प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये किरणोत्सर्गी काहीच नसतं. आयनीकरणावर चालणाऱ्यात अमेरिसियम-२४१ असतं. हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये शिकागोत तयार केलं. डिटेक्टरमध्ये ते जेमतेम १ मायक्रोक्युरी (किरणोत्सर्गाचं माप), वजनात एका ग्रॅमच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी. त्यातून सुटणारे अल्फा कण हवेच्या रेणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करतात आणि दोन पत्र्यांमध्ये अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. तापलेल्या तेलातून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे कणही त्याला पुरतात. फोडणीचं भांडण ते हेच.

अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटरवर थांबतात, कातडीचा मृत थरही ओलांडत नाहीत. सोबतचे गॅमा किरण कमी ऊर्जेचे. छतावरून तुमच्यापर्यंत नगण्यच पोचतात.

धोका आहे तो अमेरिसियम शरीरात गेलं तर. गिळलेलं बहुतेक बाहेर पडतं. श्वासातून किंवा जखमेतून गेलेलं मात्र हाडांत आणि यकृतात साठतं, तिथे दशकानुदशकं राहतं आणि तेच अल्फा कण शेजारच्या पेशींवर आदळत राहतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्रात स्फोट होऊन हॅरॉल्ड मॅक्लस्की या कामगाराच्या अंगावर अमेरिसियम उडालं. शरीरात गेलेलं बरंचसं डीटीपीए या औषधाने लघवीवाटे बाहेर काढलं गेलं. तो पुढे ११ वर्षं जगला. तिथली मात्रा अर्थातच डिटेक्टरच्या कितीतरी पट होती.

डिटेक्टरमध्ये अमेरिसियमचा ऑक्साइड सोन्यात मिसळून पत्र्यात दाबलेला असतो. वरचं आवरण मुद्दाम अतिशय पातळ ठेवतात, नाहीतर अल्फा कण बाहेरच येणार नाहीत. म्हणून तो पत्रा खरवडणं, घासणं, जाळणं हा खरा मूर्खपणा. डिटेक्टर फुटलाच, तर झाडू किंवा व्हॅक्यूम नको, धूळ उडते. हातमोजे घालून तुकडे ओल्या कागदाने टिपा, पिशवीत बंद करा, हात साबणाने धुवा.

आणखी एक शंका: अमेरिसियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ४३२ वर्षं, मग दहा वर्षांनी डिटेक्टर का बदलायचा? दहा वर्षांत अमेरिसियम दीड-पावणेदोन टक्केच घटतं. निकामी होतात ते बाकीचे भाग, शिवाय आत धूळ बसते. जुना डिटेक्टर न उघडता उत्पादकाकडे परत पाठवता येतो का ते पाहा. भारतात तो पुरवठादाराकडेच द्या, भंगारवाल्याकडे नाही. नवा घेताना स्वयंपाकघराजवळ प्रकाशावर चालणारा लावा. धुमसत्या आगीचा सुगावाही त्याला लवकर लागतो.