जिप्सीमागे ट्रेलर, सावळघाट आणि पन्नास कलमं

नाशिक ते करंजाळी हा रस्ता एरवी गप्पा मारत जायचा. म्हसरूळ मागे पडलं की उजव्या हाताला डोंगर, मग आशेवाडीजवळ रामशेज किल्ला, पुढे वळणं सुरू. पण मागे ट्रेलर लावला की हाच रस्ता वेगळा वाटतो. दाजींनी करंजाळीच्या पुढे थोडी जमीन घेतलीय. पाऊस धरायच्या आत तिथे केशर आंब्याची कलमं, ठिबकच्या नळ्या आणि अवजारं पोचवायची होती. पिकअप भाड्याने सहज मिळाला असता. पण घरची जिप्सी होती आणि एका फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेला एक-आसाचा छोटा ट्रेलर होता. आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी थार किंवा जिम्नीमागे ट्रेलर लावायचं मनात घेतलंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"फोर बाय फोर आहे, काय वाट्टेल ते ओढेल" हे वाक्य पहिल्यांदा डोक्यातून काढा. ओढेल, पण थांबवणार कोण? जिप्सीचं स्वतःचं वजन जेमतेम टनभर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसचं नाव नाही. मागच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं सगळं वजन या चार चाकांनीच थोपवायचं. युरोपात विकल्या गेलेल्या तीन-दारी जिम्नीचा आकडा बघा: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १३०० किलो, नसतील तर फक्त ३५०. गाडी तीच, इंजिन तेच. हा फरक ब्रेकचा आहे. ब्रिटनमधला नियम असा की बिनब्रेकचा ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी ते. जिप्सी जिम्नीच्याच घराण्यातली आणि आजच्या जिम्नीपेक्षा हलकी, म्हणून मी ३५० हीच लक्ष्मणरेषा धरली. ट्रेलर रिकामा दीडशेच्या आसपास, म्हणजे माल दोनशे. मातीच्या पिशवीसकट एक कलम तीन किलो धरलं तर पन्नास कलमांचे दीडशे होतात, उरलेल्यात नळ्या आणि फावडी-कुदळी. दाजींना शंभर कलमं न्यायची होती. "अरे, जागा आहे की अजून!" जागा होती, पण ट्रेलर जागेवर नाही, वजनावर भरायचा असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात टोचनाचा, म्हणजे मागे किती वजन ओढता येईल याचा, आकडा दिला असेल तर तोच पाळा, माझा नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी, मागे वेगळी नंबर प्लेट, विम्याचाही वेगळा विचार. आरटीओ पेठ रोडलाच आहे, म्हणजे ट्रेलर घेऊन जाल त्याच रस्त्यावर. बांधायला टाकण्याआधी तिथे आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. बांधून झाल्यावर विचारायला गेलात तर हेलपाटे ठरलेले.

आता जोडणी. टोचनाचा गोळा, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो तो, गाडीच्या चॅसीला बोल्ट केलेल्या क्रॉस मेंबरवर हवा. बंपरला वेल्डिंग करून देणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करावा. गोळा ५० मिलिमीटरचा आणि त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी, म्हणजे कपलरही ५० चाच, यात "जवळपास बसतंय" चालत नाही. कपलर बसवून खटका लावला की ट्रेलरच्या पुढच्या दांडीला धरून जोरात वर उचलून बघायचं. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर खटका नीट बसलाय. खाली दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. ढील इतकीच की वळताना ताणल्या जाऊ नयेत आणि डांबराला घासू नयेत.

माल कसा ठेवायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. गोळ्यावर पडणारा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हवा, म्हणजे आमच्यासाठी तीस-पस्तीस किलो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. काट्यावर लाकडाचा ओंडका उभा करायचा आणि त्यावर कपलर टेकवायचा, उंची मात्र गोळ्याइतकीच आली पाहिजे. पहिल्यांदा काटा अठरा दाखवत होता, कारण कलमांच्या पिशव्या मागच्या फाळक्यापर्यंत गेल्या होत्या. दाजी पिशव्या एकेक ओळ पुढे सरकवत होते आणि मी काट्यासमोर उकिडवा बसून आकडे सांगत होतो. चोवीस, एकोणतीस, तेहतीस. शेवटी अवजारांची गोणी आसाच्या किंचित पुढे आली आणि काम झालं. मागे वजन जास्त राहिलं की ट्रेलर गाडीचं बूड उचलतो आणि वेगात डोलायला लागतो. जिप्सीच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर, म्हणजे आखूड गाडी. कुत्र्याने शेपूट हलवण्याऐवजी शेपटीनेच कुत्र्याला हलवावं तसं होतं. उलट पुढे फार वजन टाकलंत तर मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं, तेही धोक्याचंच. पाण्याचा ड्रम न्यायचा असेल तर काठोकाठ भरलेला न्या किंवा पूर्ण रिकामा. अर्ध्या ड्रममधलं पाणी ब्रेक मारला की पुढे धडकतं आणि वळणावर बाजूला. आम्ही रिकामा नेला, पाणी तिकडेच भरलं.

मखमलाबाद-म्हसरूळच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत एकच काळजी, रिक्षा आणि दुचाकीवाले. त्यांना वाटतं गाडी गेली, आणि ते ट्रेलरच्या पुढ्यात शिरतात. आमचा ट्रेलर बुटका, आरशात दिसतच नाही, म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल चिंधी बांधलेल्या उभ्या काठ्या लावल्या. काठी दिसतेय म्हणजे ट्रेलर आहे आणि सरळ आहे. मोकळ्या रस्त्यावरही पन्नासच्या पुढे गेलो नाही. रामशेजच्या पुढे समोरून भरधाव आलेल्या ट्रकच्या वाऱ्याने ट्रेलरने एक झोका दिला. अशा वेळी पाय ब्रेककडे जातो, तो आवरायचा. वेग वाढवून सरळ करायला जायचं नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, डोलणं आपोआप विरतं. झोके वारंवार येत असतील तर बाजूला थांबून माल पुन्हा लावा.

सावळघाट जाताना उतार. घाट लागायच्या आधीच रुंद जागा बघून थांबायचं, ट्रेलरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावायचा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा ग्रीसमध्ये गडबड आहे. तिथूनच दुसरा गिअर टाकून उतरायला सुरुवात केली. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच्याच आसपासचा गिअर उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलात तर ब्रेकचे लायनर तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर पेडल मऊ लागतं. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, थोडा वेळ पण नीट दाबून मारायचा आणि वळणात शिरताना सोडायचा. वळणात असताना जोराने ब्रेक मारला की ट्रेलर गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलतो आणि दोघं घडी होऊन बसतात. ट्रेलरचं चाक गाडीपेक्षा आतून जातं, म्हणून डाव्या वळणाला कठड्यापासून अंतर जास्त ठेवावं लागतं. समोरून एसटी आली तर वळणाआधीच थांबून तिला जाऊ द्या. ड्रायव्हर हात दाखवून जातो, त्यात आपला कमीपणा काही नाही.

हुशारी म्हणून कोणी फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, टाकायचा सल्ला देईल. कोरड्या डांबरावर जिप्सीसारख्या गाडीत तो टाकू नका. पुढचा आणि मागचा आस यांच्यात डिफरन्शियल नाही, वळणात चाकं आवळली जातात. फोर-लोची खरी जागा करंजाळी सोडल्यावर आत शिरलो तिथे, बैलगाडीच्या वाटेवर. तिथे ट्रेलर मागे घेताना तर फोर-लोसारखं सुख नाही, क्लच न जाळता मुंगीच्या पावलांनी सरकता येतं. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचाय त्याच बाजूला हात न्यायचा. ट्रेलर जितका छोटा तितका पटकन वळतो, म्हणून हात थोडाच हलवायचा, चुकतंय वाटलं की लगेच पुढे घेऊन सरळ करायचं. सपाट जागा असेल तर सोडवून दोघांनी हाताने ढकललेला बरा. आम्ही शेवटी तेच केलं. दाजी म्हणाले, "एवढं शिकवलंस आणि शेवटी ढकलायलाच लावलंस!"

आतल्या वाटेवर गोळ्याच्या जोडणीची मर्यादा कळते. गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचं दुसरं बांधावर असलं की कपलर पीळ खातो. अशा वाटा नेहमीच्या असतील तर फिरणारी, कडी-हुकाची जोडणी बसवून घ्या. आणि शक्य झालं तर ट्रेलरला गाडीचीच चाकं बसवून घ्या. जिप्सीला पाच बोल्टची २०५/७० आर १५ लागतात, ट्रेलरलाही तीच आहेत. एक स्टेपनी दोघांना चालते. परिसरात टायरचं दुकान शोधत बसावं लागत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर जाणाऱ्यांसाठी: ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर ट्रेलरसह उतरू नका. पेटीसारखा हलका ट्रेलर तरंगतो आणि गाडीला बाजूला ओढतो. घाट उतरून तापलेले हब लगेच थंड पाण्यात बुडाले तर आत पाणी शोषलं जातं, महिनाभराने बेअरिंग वाजायला लागतात. सावळघाटात धुकं उतरलं की मागचे दिवे पुसून घ्या, चिखलाने ते आधीच झाकलेले असतात.

परतीला घाट चढ, ट्रेलर रिकामा. जिप्सीचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आणि तोही ४५०० आरपीएमला, त्यामुळे दुसऱ्यात इंजिन ओरडत राहिलं तरी चालेल, तिसऱ्याचा मोह नको. रिकामा ट्रेलर मात्र जास्त उड्या मारतो. दाजींकडेच टायरची थोडी हवा कमी केली, ड्रम पुढे घेऊन पट्ट्याने आवळला, फाळका बांधला. जाताना गाडी पेट्रोल भरपूर प्यायली, दहाचं ॲव्हरेज सातावर आलं. पेठपर्यंत जाणार असाल तर पुढे कोटंबी घाटही आहे, म्हणून टाकी नाशिकमध्येच भरा. निघताना भल्या पहाटे निघा आणि परतताना उजेड असतानाच सावळघाट चढून या. ट्रेलर सोडवताना आधी त्याच्या दोन्ही चाकांना दगड लावा, मगच खटका उघडा.