फॉल्समचं पाणी, टीएमसीत

आप्पा आले त्याच शनिवारी त्यांना बील्स पॉइंटला नेलं. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम लेक स्टेट रिक्रिएशन एरियातला हा आमचा ठरलेला कोपरा. वाळू, झाडाखालचं बाकडं, शेगडी, आणि सिएरा नेवाडाच्या बर्फाचं पाणी. जूनमध्येसुद्धा पाय घातला की तोंडून शिवी निघते. मुलं लाइफ जॅकेट चढवून पसार झाली, मी कणसं भाजायला घेतली. आप्पांचं लक्ष धरणावर. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस, त्याची कसली सहल!

"किती टीएमसी?"

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट; इथं सगळं एकर-फुटांत. फोनवर गुणाकार केला. पावणेदहा लाख एकर-फूट, म्हणजे ४२ टीएमसीच्या आसपास.

"उजनी ११७," म्हणाले, आणि शेंगदाणे तोंडात टाकले.

मग मी १९९५ सालची गोष्ट काढली. १७ जुलैला सांडव्याचा एक वक्राकार दरवाजा उघडताना मोडला आणि जवळजवळ ४० टक्के तळं वाहून गेलं. दरवाजा ज्या खिळीवर फिरतो ती गंजून घर्षण वाढलं होतं.

"ग्रीसिंग कोण बघत होतं?" आप्पा ताठ बसले. दिवसभरात पहिल्यांदाच रंगले होते.

पाण्याखाली गाव आहे हे मात्र मी जपून सांगितलं. मॉर्मन आयलंड, १८४८ च्या सोन्याच्या शोधातून वसलेलं. १८५६ च्या आगीनंतर ते ओसरतच गेलं, मग उरलंसुरलं धरणात बुडालं. २०१४ च्या दुष्काळात पाणी खूप उतरलं तेव्हा आम्ही चालत गेलो होतो. दगडी पाये, गंजके खिळे, काचांचे तुकडे. उचलायला बंदी, म्हणून लोकांनी ते खडकांवर मांडून ठेवले होते.

आप्पांचं आजोळ पळसदेव. उन्हाळ्यात उजनी उतरली की पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि आप्पा दर वेळी बघायला जातात.

"मसणवटीचं काय केलं?" त्यांनी विचारलं.

थडगी आधीच हलवली होती. परतताना ग्रीन व्हॅली रोडवरच्या त्या दफनभूमीशी गाडी थांबवायला लावली. कुंपणाशी बराच वेळ उभे होते.

"मेलेल्यांनासुद्धा जागा दिली," म्हणाले. "आजीचं जातं तिथंच राहिलं बघ. जड होतं."

मागच्या सीटवर मुलं उरलेल्या कणसावरून भांडत होती.